वेम्ब्लीची अर्धी टेप

आमच्या घरातली ती टेप ई-१८० होती, म्हणजे तीन तासांची. लंडनच्या काकाने ती टीव्हीवरून भरून घेतली होती आणि १९९२च्या दिवाळीत पुण्याला येताना चॉकलेटं, दाढीचा फेस आणि आजीची लोकरीची शाल यांच्यामध्ये कोंबून आणली होती. खोक्याच्या कडेला चिकटपट्टी, तिच्यावर त्याच्या तिरप्या अक्षरात एवढंच: 'फ्रेडी, वेम्ब्ली. पुसू नये.' आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून तो एका दिवसाच्या भाड्याने आणायचा, अँटेनाची वायर काढून त्याची वायर खोचायची आणि पट्टे आले की ट्रॅकिंगची चकती फिरवत बसायचं. तेवढ्याने भागलं नाही तर कोऱ्या करकरीत नोटेने हेड पुसायचं. काकाची टेप विलायतेची, म्हणजे आपल्यासारखीच पाल पद्धतीची, म्हणून निदान लागली तरी. अमेरिकेहून मामेबहिणीने पाठवलेली एक टेप एनटीएससीची निघाली होती. तिच्यातली माणसं आमच्या टीव्हीवर काळी-पांढरी होऊन वरून खाली घरंगळत राहायची.

काकाची टेप संपायची ती गायक जॉर्ज मायकेलवर. 'समबडी टू लव्ह' गाताना तो समोरच्या अफाट गर्दीकडून एक ओळ म्हणून घ्यायचा, गर्दी म्हणायची, पुन्हा म्हणायची, आणि खट्. पडदा निळा. यंत्र घरघरत टेप उलटी गुंडाळायला लागायचं. पुढे काय झालं, शेवटी कोण आलं, मैफल कशी संपली, हे मला पुढची दहा वर्षं ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला? काकालाही आठवत नव्हतं. तो म्हणायचा, "अरे, नंतर आम्ही जेवायला बसलो."

ती मैफल झाली २० एप्रिल १९९२ रोजी, ईस्टरनंतरच्या सोमवारी, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर. 'क्वीन' या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आदल्या नोव्हेंबरात गेला होता. २३ नोव्हेंबर १९९१ला त्याच्या वतीने निवेदन निघालं की त्याला एड्स झाला आहे, आणि २४च्या संध्याकाळी तो केन्सिंग्टनमधल्या आपल्या घरी वारला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले, कारण मर्क्युरी हे त्याने घेतलेलं नाव. मूळचा तो फारुख बुलसारा, जन्म झांझिबारचा, घराणं गुजरातेतल्या बलसाडचं. आणि शाळा? पाचगणीची. आठ वर्षांचं पोर आई-वडिलांपासून समुद्रापलीकडे सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आलं, तिथे पियानो शिकलं, बारा वर्षांचं असताना वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढून शाळेच्या समारंभांत वाजवू लागलं. 'फ्रेडी' हे नावही त्या शाळेतलंच. टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्या किती सहलींना हे ठाऊक असतं, कोण जाणे. आम्हाला तरी नव्हतं. काकाने सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "काहीतरीच."

१२ फेब्रुवारी १९९२ला ब्रिट पुरस्कारांच्या समारंभात क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी जाहीर केलं की फ्रेडीसाठी वेम्ब्लीवर कार्यक्रम होईल. कोण कोण येणार, ते काहीच सांगितलं नव्हतं. तरी ७२ हजार तिकिटं काही तासांत संपली. हेच ते मैदान, जिथे १९८५च्या जुलैत 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत क्वीनने वीसेक मिनिटांत बाकीच्या सगळ्यांना झाकून टाकलं होतं, आणि जिथे १९८६च्या जुलैत सलग दोन रात्री त्यांचे स्वतःचे कार्यक्रम झाले होते. गर्दीला मैदान माहीत होतं, गाणी माहीत होती, टाळ्या कुठे वाजवायच्या तेही माहीत होतं. फक्त गाणारा नव्हता.

कार्यक्रमाचे दोन भाग होते. पूर्वार्धात निरनिराळे बँड आपापली गाणी वाजवून गेले: मेटॅलिका, एक्स्ट्रीम, डेफ लेपर्ड, बॉब गेल्डॉफ, गन्स एन' रोझेस. यू-टूचं गाणं कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून आणि मँगो ग्रूव्हचं जोहान्सबर्गहून उपग्रहामार्फत आलं. मध्येच स्पायनल टॅप नावाचा, मुळात एका विनोदी चित्रपटासाठी रचलेला खोटा बँड येऊन गेला. सुतकाच्या घरी बहुरूपी यावा तसा, आणि मला वाटतं फ्रेडीला सगळ्यात जास्त तोच आवडला असता. एक्स्ट्रीमच्या पोरांनी मात्र स्वतःची गाणी बाजूला ठेवून बहुतेक वेळ क्वीनच्याच गाण्यांची माळ गुंफली, आणि या पूर्वार्धात खरी आदरांजली कुणी वाहिली असेल तर त्यांनी.

मग हॉलिवूडची अभिनेत्री एलिझाबेथ टेलर आली. ती एड्सबद्दल बोलायला आली होती आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं. तिने ऐकून घेतलं, थांबली, आणि माझं सांगून झालं की जाते मी, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून पुढे बोलू लागली. आज ते भाषण कुणी पुढे पळवून टाळत असेल तर त्याला १९९२ काय होतं ते कळणार नाही. रुग्णाला वर्षानुवर्षं जगवणारी एकत्रित औषधं यायला अजून चार वर्षं होती. त्या दिवशी वेम्ब्लीवर एक लाखाच्या वर लाल फिती वाटल्या गेल्या. ती फीत पुढे जगभर ओळखीची झाली, पण तेव्हा जेमतेम वर्षाची होती.

आपल्याकडे काय होतं? गोव्यात १९८९च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला, रक्त तपासणीत एचआयव्ही सापडला एवढ्यावर, पोलिसांनी उचललं आणि म्हापशातल्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याचा गुन्हा रक्त देण्याचा. तो गोव्यात लढला, एक संस्था उभी केली, आणि वेम्ब्लीच्या मैफलीनंतरच्याच महिन्यात, मे १९९२मध्ये वारला. भारतात हा विषाणू पहिल्यांदा शोधला तो १९८६ साली मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या देखरेखीखाली झालेल्या तपासणीत. त्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये वाढलेल्या मराठी घरातल्या. केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संघटना निघाली तीही १९९२मध्येच. आमच्या घरी त्या दिवाळीत मैफल पाहताना 'त्याला कशाने झालं' हा प्रश्न आजीने विचारला, आणि तीन मोठी माणसं एकदम चहा ठेवायला उठली.

उत्तरार्ध म्हणजे खरी परीक्षा. क्वीनचे उरलेले तिघे, म्हणजे मे, टेलर आणि बास वाजवणारा जॉन डीकन, मागे स्पाइक एडनी कीबोर्डवर, आणि दर गाण्याला नवा गायक. फ्रेडीची गाणी ऐकताना सोपी वाटतात, पण उभ्याने गायला गेलं की घात करतात. त्याचा आवाज वर जाताना पातळ होत नसे, आणि खाली येताना पडत नसे. आलेल्या प्रत्येकाला हे मंचावरच कळलं आणि प्रत्येकाने आपापली पळवाट काढली. रॉजर डाल्ट्रीने जोर लावला. सीलने 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरेव्हर' हळू, जवळून म्हटलं. लिसा स्टॅन्सफील्ड केसांत कर्लर खोवून, हातात व्हॅक्युम क्लीनर घेऊन आली, कारण 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'च्या चित्रफितीत फ्रेडीने तसलाच बाईचा वेष केला होता. गर्दी हसली आणि त्या हसण्यात तिने गाणं पार नेलं.

डेव्हिड बोवी आणि अ‍ॅनी लेनॉक्स यांचं 'अंडर प्रेशर' हे मी काकाच्या टेपवर किती वेळा पाहिलं असेल! त्या जागी टेप झिजून चित्रावर पांढरे किडे वळवळायला लागले होते. बोवी फिकट हिरव्या सूटमध्ये, लेनॉक्सच्या डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा रंगवलेला. हे गाणं बोवीने फ्रेडीबरोबर १९८१ साली केलं होतं. पुढे बोवीचा जुना गिटारवादक मिक रॉन्सन आला. त्याला यकृताचा कर्करोग होता, हे पाहणाऱ्या लाखोंपैकी बहुतेकांना माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला तो गेला. त्याचं वादन आता पाहताना त्याच्या बोटांकडेच लक्ष जातं. आणि मग बोवी एकाएकी गुडघ्यावर बसला आणि त्याने ख्रिस्ती प्रार्थना म्हटली, एड्सने मरणपंथाला लागलेल्या एका मित्रासाठी. रॉकच्या मैफलीत प्रार्थना! काही लोकांना ते नाटकी वाटलं. मला आजही वाटत नाही. चारच दिवसांनी लोझानला त्याचं मॉडेल इमानशी लग्न होतं.

जॉर्ज मायकेलचं काय होतं ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा जोडीदार अँसेल्मो फेलेप्पा त्या गर्दीत बसलेला होता आणि एचआयव्हीने आजारी होता. जॉर्जने ही गोष्ट उघड केली ती पुष्कळ वर्षांनी. फ्रेडीला आदरांजली वाहत असताना मनात प्रार्थना मात्र अँसेल्मोसाठी चालू होती, असं त्याने सांगितलं. लंडन कम्युनिटी गॉस्पेल क्वायरच्या साथीने त्याने 'समबडी टू लव्ह' गायलं, आणि त्या संध्याकाळी फ्रेडीच्या उंचीला हात लावणारा एकच निघाला तो हा. अँसेल्मो १९९३च्या मार्चमध्ये गेला. पुढच्याच महिन्यात या मैफलीतली दोन गाणी घेतलेली 'फाइव्ह लाइव्ह' ही छोटी ध्वनिमुद्रिका निघून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिचं उत्पन्न मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टला गेलं. एड्सच्या कामाला पैसे देणारी ही संस्था याच मैफलीच्या कमाईतून उभी राहिली.

आता टेपच्या गोष्टीकडे येतो, कारण मैफल वेम्ब्लीवर एकदाच झाली. घराघरांत ती चार-पाच वेळा झाली, आणि दर वेळी थोडी निराळी.

मैदानावरचे ७२ हजार सोडले तर बाकी सगळ्यांनी पाहिली ती डेव्हिड मॅलेटची मैफल. मॅलेट हा दूरचित्रवाणीचा दिग्दर्शक, क्वीनच्या आणि बोवीच्या चित्रफिती केलेला. ७६ देशांत थेट प्रक्षेपण होतं. अशा वेळी दिग्दर्शक मैदानाबाहेर एका गाडीत डझनभर छोट्या पडद्यांपुढे बसतो आणि कुठला कॅमेरा दाखवायचा ते क्षणोक्षणी ओरडून सांगतो. तेच जगाला दिसतं. चुकलं तर चुकलं. काकाने भरली ती ही कच्ची मैफल: मंच बदलताना लागणारा वेळ, निवेदकाची बडबड, घसरलेले शब्द, सगळं त्यात.

अधिकृत व्हीएचएस कॅसेट त्याच वर्षाच्या अखेरीस आली. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील मावतो. वेम्ब्लीची मागची गर्दी म्हणजे नुसती करडी रवाळ भिंत. पण कॅसेट विकत मिळू लागली याचा अर्थ मोठा होता. प्रक्षेपण चुकलेल्याला ते परत मिळालं, आणि जे विकत मिळतं ते टिकतं, असं आपण तेव्हा मानत होतो. पुण्या-मुंबईत मात्र ती लायब्ररीत आली ती बहुधा कॉपीची कॉपी होऊन. दर कॉपीला रंग थोडे वाहायचे, आणि अ‍ॅनी लेनॉक्सच्या डोळ्यांवरचा काळा पट्टा गालापर्यंत उतरायचा.

दहा वर्षांनी, २००२च्या मे महिन्यात, दोन तबकड्यांची डीव्हीडी आली. मी ती लंडनहून मागवली. डीव्हीडीला प्रदेशांचं कुलूप असे. ब्रिटन दोन नंबरात, भारत पाच नंबरात. दुकानदाराने डीव्हीडी चालवणाऱ्या यंत्राच्या रिमोटवर काहीतरी आकड्यांची करामत केली आणि कुलूप उघडलं. चित्र स्वच्छ, आवाज पाच बाजूंनी. आणि मी कुठे गेलो? सरळ जॉर्ज मायकेलनंतर. दहा वर्षं थांबलेली ओळ पुरी झाली, गर्दीने ती म्हटली, आणि टेप खट् झाली नाही.

पुढे एल्टन जॉन आला आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सुरू केलं. मधला ऑपेरासारखा भाग मंचावर कुणी गातच नाही, तो फ्रेडीच्या मूळ मुद्रणावर सोडला, रिकाम्या मंचावर दिवे नाचत राहिले. मग धूर आणि गिटार, आणि किल्ट घातलेला गन्स एन' रोझेसचा अ‍ॅक्सल रोझ पळत आत. या माणसाच्या एका गाण्यात समलिंगींना शिव्या होत्या, त्याला बोलावलं म्हणून कार्यकर्त्यांनी आधीच निषेध केला होता. आणि तोच एल्टनच्या शेजारी उभा, शेवटच्या संथ ओळी दोघे मिळून, एकमेकांच्या खांद्यावर हात. ही मैफल कुणी राजकारण म्हणून वाचायची ठरवली तर ही दोन मिनिटं पुरेत. माझ्या टेपवर ती नव्हतीच. सगळ्यात शेवटी लायझा मिनेली, फ्रेडीची लाडकी, सगळ्यांना मागे उभं करून 'वी आर द चॅम्पियन्स'. म्हणजे ही मैफल नाटकवालीने संपवली, रॉकवाल्याने नाही. मला उगाचच आपली भैरवी आठवली.

दुसऱ्या तबकडीवर तालमीची दृश्यं होती. जॉर्ज मायकेल साध्या कपड्यांत 'समबडी टू लव्ह' म्हणतो आहे आणि बाजूला बोवी सिगारेट धरून उभा राहून ऐकतो आहे. बोलत काही नाही. ती दृश्यं मैफलीपेक्षाही जास्त लोकांनी पाहिली असतील असं मला वाटतं, आणि योग्यच आहे.

पण मग माझ्या लक्षात आलं की पूर्वार्धच नाही. मेटॅलिका नाही, एक्स्ट्रीम नाही, स्पायनल टॅप नाही. आणि उत्तरार्धात रॉबर्ट प्लांट फक्त 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' गातो. त्याआधीचं 'इन्युएंडो' गायब.

मी काकाची टेप काढली. होतं. लेड झेपेलिनचा प्लांट, सोनेरी आयाळ, आणि गाणं क्वीनचं असलं तरी बांधणी झेपेलिनच्याच वळणाची. मध्ये त्यांच्या 'कश्मीर'चा तुकडाही गुंफलेला. आणि त्या गाण्यात प्लांट शब्द विसरतो. सूर लावतो, ओळ चुकतो, पुन्हा पकडतो. लाजिरवाणं आहे, पण ऐकण्यासारखंही आहे, कारण पहाडी आवाजाचा माणूस दुसऱ्याच्या गाण्यात वाट चुकला की काय होतं ते दिसतं. पुढे कळलं की प्लांटने स्वतःच सांगितलं, हे घेऊ नका. २०१३ला पुन्हा डीव्हीडी आणि ब्लू-रे निघाले, त्यात पूर्वार्धातल्या बऱ्याच गोष्टी परत आल्या, पण 'इन्युएंडो' नाही ते नाहीच.

त्या माणसाची ही खोडच. १९८५च्या लाइव्ह एडमध्ये फिलाडेल्फियाला झेपेलिनचे उरलेले सगळे एकत्र वाजवायला उभे राहिले आणि फार वाईट वाजवलं. २००४ साली लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी आपला भाग घेऊ दिला नाही. बदल्यात दुसरीकडच्या उत्पन्नातून मदत दिली, हे मान्य. गायकाला आपला फसलेला प्रयोग लोकांच्या घरात कायमचा बसू नये असं वाटणं मी समजू शकतो. आपल्याकडेही बैठकीचं ध्वनिमुद्रण करू न देणारे बुवा होतेच की. पण फरक असा, की हे मुद्रण आधीच ७६ देशांनी पाहिलं होतं. जे सगळ्यांसमोर घडलं ते तबकडीवरून उडवलं की मैफलीचा इतिहास एका माणसाच्या अभिमानापुरता लहान होतो. माझं स्पष्ट मत: ते गाणं परत घालायला हवं होतं, शेवटी जोडून का होईना, आणि प्लांटनेही हसून होकार द्यायला हवा होता.

ब्लू-रेबद्दल एक गैरसमज दुकानात हमखास भेटतो. 'आता मस्त स्पष्ट दिसेल.' दिसत नाही. वेम्ब्लीचा कार्यक्रम दूरचित्रवाणीच्या व्हिडिओवर टिपला होता: ६२५ रेघा, सेकंदाला २५ चौकटी. नंतर कितीही धुवा, त्यात नसलेला तपशील कुठून येणार? ब्लू-रेवर जागा जास्त असल्याने आवाज दाबावा लागत नाही, हा खरा फायदा. क्वीनचीच बाकीची उदाहरणं शेजारी ठेवली की फरक कळतो. १९८१ला माँट्रियलचे त्यांचे कार्यक्रम आणि १९८६च्या जुलैत बुडापेस्टचा कार्यक्रम ३५ मिलिमीटर फिल्मवर टिपले होते. त्या फिल्मा पुन्हा स्कॅन केल्यावर फ्रेडीच्या कपाळावरचा घामाचा थेंब दिसतो, माँट्रियलचा तर अलीकडे आयमॅक्सच्या पडद्यावरही चालला. १९८६चं वेम्ब्ली आणि १९९२चं वेम्ब्ली मात्र व्हिडिओवर, म्हणून दोन्ही तेवढेच धूसर राहणार. कम्युनिस्ट हंगेरीतल्या निर्मात्यांनी फिल्म वापरली आणि लंडनने व्हिडिओ, याला दुसरं काही कारण नाही: हंगेरीत चित्रपटगृहासाठी चित्रपट करायचा होता, लंडनमध्ये टीव्हीवर दाखवायचं होतं.

या सगळ्यात मैदानही गेलं. जुन्या वेम्ब्लीचे दोन पांढरे मनोरे, ज्यांच्याकडे बोट दाखवून काका 'ते बघ' म्हणायचा, ते २००३मध्ये पाडले. डीव्हीडी निघाली तेव्हा मैदान बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. नवं वेम्ब्ली २००७ला उघडलं, कमानीचं, चकाचक. फ्रेडीच्या मैफलीचं मैदान आता फक्त त्या ६२५ रेघांत आहे.

२०२०च्या मे महिन्यात, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ही मैफल यूट्यूबवर ४८ तास फुकट दाखवली, कोविडच्या मदतनिधीसाठी. मी रात्री मोबाइलवर लावली. मुलगी शेजारी येऊन बसली. तिने 'समबडी टू लव्ह' बघितलं आणि विचारलं, "हा कोण, फ्रेडी?" मी म्हणालो, नाही, फ्रेडी नाही. फ्रेडी शेवटी येतो. आणि तो खरंच येतो: सगळे नमस्कार करून थांबतात, वर मोठ्या पडद्यावर जुनी चित्रफीत लागते, मुकुट आणि राजवस्त्र घातलेला फ्रेडी, मागे क्वीनने वाजवलेलं ब्रिटनचं राष्ट्रगीत. जॉन डीकन बास घेऊन उभा आहे. क्वीनचा म्हणून पुरा कार्यक्रम त्याने यानंतर कधी वाजवला नाही, काही वर्षांत तो निवृत्त झाला आणि मंचावर पुन्हा दिसला नाही. त्याच्याकडे कॅमेरा क्वचितच जातो. टेपवरही आणि तबकडीवरही.

काकाची टेप अजून आहे. मागच्या पावसाळ्यानंतर उघडली तेव्हा आतल्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली दिसली. दमट हवेत व्हीएचएसची हीच गत होते, आणि बुरशीची टेप तशीच लावली तर यंत्राचं हेडही खराब होतं. मी ती एका जाणकाराकडे नेली. त्याने ती साफ करून संगणकावर उतरवून दिली. खर्च डीव्हीडीपेक्षा जास्त झाला. पण आता 'इन्युएंडो' माझ्याकडे आहे, चुकांसकट.

तुमच्या माळ्यावर परदेशातल्या नातेवाइकाने टीव्हीवरून भरून आणलेल्या टेपा असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी खोक्यावरचं अक्षर वाचा. आणि बुरशी दिसली तर घरच्या यंत्रात घालू नका, आधी साफ करून घ्या.